महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींस खुले पत्र: यंदाची सहल परगावच्या बॉलपार्कला न्या

प्रति,
अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य

स. न. वि. वि.

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की मंडळांच्या बैठकांत उन्हाळ्याचा विषय निघतो. पिकनिक कुठल्या पार्कात करायची, भेळ कोणाकडे, क्रिकेटचं सामान कोणाच्या गॅरेजमध्ये पडलंय, भारतातून येणाऱ्या नाटकाच्या तारखा जुळतात का. या यादीत आणखी एक गोष्ट घाला, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. वर्षातून एकदा तरी मंडळाने सभासदांना, आणि विशेषतः उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना, बेसबॉलचा सामना बघायला न्यावं. आणि तो आपल्या शहरात न बघता, आपल्या संघाच्या मागे दुसऱ्या शहरात जाऊन बघावा.

मी न्यू जर्सीत राहते आणि न्यू यॉर्क मेट्सची चाहती आहे. हा संघ मला देवळाच्या वाटेवर भेटला. फ्लशिंगला बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीला जायचं तर मॅनहॅटनमधून सात नंबरची गाडी धरायची आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. त्याच्या आधीचं स्टेशन मेट्स-विलेट्स पॉइंट. खिडकीतून मेट्सचं मैदान, सिटी फील्ड, दिसतं, निळ्या-नारिंगी कपड्यांतली माणसं भराभर उतरतात आणि डबा निम्मा रिकामा होतो. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांनी हे वर्षानुवर्षं बघितलंय आणि मंदिराच्या कँटीनमध्ये डोसा खाऊन त्याच गाडीने ती परत आली आहेत. एकदा मधल्या स्टेशनावर उतरा, एवढं सांगूनही हे पत्र संपवता आलं असतं. पण घरच्या मैदानापेक्षा परगावचं मैदान आपल्यासारख्यांना जास्त देतं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे नीट सांगते.

मोसमात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, त्यातले 81 बाहेरगावी. सामने बहुधा तीन-तीनच्या मालिकेत येतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निघालेल्या माणसाचे शनिवारी आणि रविवारी मिळून दोन सामने आरामात होतात. वेळापत्रक आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच जाहीर होतं. आई-बाबांची विमानाची तिकिटं काढतानाच कुठला सामना गाठायचा ते ठरवता येतं. आणि युरोपातल्या फुटबॉलमध्ये पाहुण्या प्रेक्षकांना जसं वेगळ्या, कुंपणाआडच्या कोपऱ्यात बसवतात, तसं इथे नाही. जिथलं तिकीट काढाल तिथे बसता. पुढे, मागे, शेजारी सगळी घरच्या संघाची माणसं.

आता मुख्य गोष्ट. "तुम्ही कुठले?" हा प्रश्न या देशात आपल्यापैकी प्रत्येकाला विचारला गेला आहे. न्यू जर्सीतलं एडिसन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तसं नाही, मूळचे कुठले?" परगावच्या मैदानावर मेट्सची टोपी घालून बसलं की हाच प्रश्न येतो, पण विचारणाऱ्याची नजर टोपीवर असते. "न्यू जर्सी" म्हटलं की त्याचं समाधान होतं. मग तो तुमच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, चौकशी करतो, स्वतःच्या संघाच्या मालकाबद्दल कुरकुरतो, मुलाला घेऊन तुमच्या शहरात आला होता तेव्हा पार्किंगला किती पैसे पडले ते सांगतो. तुम्ही परकेच असता, पण ज्या जातीचे परके त्या गावाने शंभर वर्षं बघितलेले आहेत त्या जातीचे. मला या देशात इतकं मोकळं दुसरीकडे कुठे वाटलेलं नाही. ऑफिसात नाही, मुलांच्या शाळेत नाही, शेजारच्यांच्या बार्बेक्यूतसुद्धा नाही. घरच्या मैदानावर आपण गर्दीत मिसळून जातो आणि कोणाशी बोलायचं कारणच पडत नाही. परगावी टोपीच बोलायला लावते.

उदाहरण पिट्सबर्गचं देते, कारण ते शहर आपल्या मंडळींना नवीन नाही. पेन हिल्सच्या टेकडीवरचं वेंकटेश्वर मंदिर 1970च्या दशकात उभं राहिलं आणि तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावरची कुटुंबं लाँग वीकेंडला बालाजीच्या दर्शनाला जात आली आहेत. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवरून दिवसभर गाडी हाकायची, दर्शन घ्यायचं, चिंचेचा भात आणि दहीभात खायचा, हॉटेलात पाठ टेकायची आणि सकाळी परत. मंदिरापासून साधारण अर्ध्या तासावर, अलेगेनी नदीच्या काठाला, पीएनसी पार्क आहे. 2001 मध्ये उघडलेलं हे मैदान देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांपैकी आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातली एक. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसलं की आउटफिल्डच्या पलीकडे नदी, नदीवर पिवळे पूल आणि त्यामागे अख्खं डाउनटाउन उभं असतं.

सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात आणि लोक डाउनटाउनमधून चालत मैदानात येतात. माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही तिला ट्रामने नेलं. डाउनटाउनपासून मैदानापर्यंत ही ट्राम नदीखालच्या बोगद्यातून जाते आणि तेवढ्या टप्प्याला तिकीट लागत नाही. बाबा मात्र हट्टाने पुलावरून चालत आले आणि पुलाच्या टोकाला असलेल्या क्लेमेंटेच्या पुतळ्यापाशी बराच वेळ थांबले.

हा क्लेमेंटे कोण, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. तो पोर्टो रिकोहून आलेला. पिट्सबर्गकडून खेळायला लागला 1955 साली. इंग्रजी त्याची दुसरी भाषा, आणि त्या काळचे वार्ताहर त्याचे उच्चार जसेच्या तसे छापून त्याला हिणवत. त्याचं नावसुद्धा परस्पर 'बॉब' करून टाकलं होतं. त्याने ते कधी मान्य केलं नाही. आपल्या नावांचं इथे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. 30 सप्टेंबर 1972 रोजी त्याने 3000वा हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला आणि नियमित मोसमातला तो त्याचा शेवटचाच हिट ठरला. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळल्यावर 31 डिसेंबरला तो स्वतः सामानाच्या विमानात बसला, आणि ते विमान पोर्टो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत मुद्दाम 21 फूट उंच बांधली आहे. 21 हा त्याचा नंबर. याच पिट्सबर्ग पायरेट्स संघाने 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या उत्तर भारतीय मुलांना करारबद्ध केलं होतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती पुण्याला फोन करून काकांना सांगितली.

बाबांनी मुंबईत एका छोट्या क्लबसाठी वर्षानुवर्षं कांगा लीगच्या, म्हणजे पावसाळ्यात होणाऱ्या क्रिकेट स्पर्धेच्या, सामन्यांचा स्कोअर लिहिला आहे. पावसाने ओली झालेली वही छत्रीखाली धरून लिहिणारा माणूस. इथे आले की ते दिवसभर घरात बसून असतात. आम्ही कामावर, नात शाळेत, गाडी चालवता येत नाही, फुटपाथ नाहीत. पिट्सबर्गला त्यांच्या उजव्या हाताला एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मांडीवर वही आणि कानामागे पेन्सिल. दुसऱ्या इनिंगला (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात) बाबांनी त्या वहीत डोकावायला सुरुवात केली. तिसऱ्या इनिंगला त्या गृहस्थांनी वही दोघांच्या मध्ये ठेवली.

बेसबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक बॅटरच्या नावापुढे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात एक बारीक हिरा छापलेला असतो. बॅटर पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला की हिऱ्याची एक बाजू गिरवायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी, आणि घरी, म्हणजे परत होम प्लेटवर, पोचला की अख्खा हिरा भरून टाकायचा. खेळाडूंना जागेनुसार आकडे असतात: पिचर 1, कॅचर 2, मग पहिला, दुसरा आणि तिसरा बेसमन 3, 4 आणि 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि आउटफिल्डचे तिघे डावीकडून 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्या बेसवर गेला, दोघे बाद, तर लिहायचं 6-4-3. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू) होऊन बाद झाला तर 'के'. आणि तिसरा स्ट्राइक बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तोच 'के' उलटा. हा उलटा 'के' बाबांना फार पटला. क्रिकेटच्या वहीत बाद होण्याचा प्रकार नोंदवला जातो, पण फलंदाजाने फटका मारायचा प्रयत्न केला की नाही हे कोणी लिहीत नाही, असं ते म्हणाले, आणि मी त्याचं भाषांतर करून सांगितल्यावर ते गृहस्थ मोठ्याने हसले. सहाव्या इनिंगला पेन्सिल बाबांच्या हातात होती.

सामन्याचा आकड्यांतला गोषवारा बेसबॉलमध्ये रुजवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला आणि आधी क्रिकेटवर लिहिणारा वार्ताहर होता. बाबांना जे ओळखीचं वाटलं त्याला हे एक कारण असावं. मंडळांना माझी सूचना आहे की सहलीच्या बसमध्येच स्कोअरचे कोरे कागद छापून वाटा आणि पेन्सिली द्या. आपल्या वडीलधाऱ्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर हिशेब, कीर्द-खतावणी, बँकेच्या वह्या लिहिल्या आहेत. त्यांच्या हाताला काम मिळू द्या.

बेसबॉल कंटाळवाणा असतो, असं कार्यकारिणीतलं कोणीतरी नक्की म्हणेल. कसोटी क्रिकेटवर वाढलेल्या माणसाने हे म्हणू नये. शिवाय 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेसवर कोणी नसेल तर 15 सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. नऊ इनिंगचा सामना 2022 मध्ये सरासरी तीन तास चार मिनिटं चालायचा, तो एका वर्षात दोन तास चाळीस मिनिटांवर आला. आपल्या नाटकाला दोन अंक आणि मध्यंतर धरून याहून फार कमी वेळ लागत नाही.

खाण्याची काळजी करू नका. पीएनसी पार्क, सिटी फील्ड आणि इतर बऱ्याच मैदानांवर घरचं खाणं आणि पाण्याची सीलबंद बाटली आत नेता येते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, दारावरच्या माणसाने पिशवी उघडून पाहिली आणि परत दिली. मात्र प्रत्येक क्लबचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा निघण्याआधी क्लबच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. पिशवीच्या मापाचेही नियम आहेत. ज्येष्ठांसाठी जिने न चढता पोचता येईल अशा जागा प्रत्येक मैदानावर असतात, तिकीट काढतानाच मागा. सावलीची बाजू विचारा. जुलैतल्या दुपारी उन्हात तीन तास बसणं सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. होम प्लेटच्या जवळ आता सगळीकडे जाळी आहे, पण जाळी संपते त्याच्या पलीकडच्या जागा घेतल्यात तर चेंडू अंगावर येऊ शकतो, हे सर्वांना आधी सांगा.

दोन गोष्टी मला खुपतात. तिकिटं आता फोनवरच येतात आणि पुष्कळ मैदानांवर रोख पैसे चालत नाहीत. एका मैदानावर बाबा डॉलरच्या नोटा हातात धरून पाण्याच्या दुकानासमोर उभे राहिले आणि त्यांना बाटली मिळाली नाही. ज्यांच्याकडे इथलं कार्ड नाही, इथला फोन नाही, अशी माणसं एकटी आली तर काय करतील? म्हणूनच मंडळाने न्यावं असं म्हणते. एका स्वयंसेवकाच्या फोनवर दहा जणांची तिकिटं राहतात आणि एका कार्डावर सगळ्यांची तहान भागते.

पिट्सबर्गशिवायही जागा खूप आहेत. बोस्टनचं फेनवे पार्क 1912 चं. त्याची डावीकडची हिरवी भिंत 37 फुटांहून उंच आहे, आणि उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांत एकच खुर्ची लाल आहे: 1946 मध्ये टेड विल्यम्सने मारलेला 502 फुटांचा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा थेट बाहेर गेलेला फटका) तिथे पडला होता. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर 1937 पासून वेल चढवलेली आहे, चेंडू त्यात अडकला तर बॅटरला दोन बेस देतात. तिथे दिवे आले थेट 1988 मध्ये, आणि अजूनही दुपारचे सामने भरपूर असतात. पाहुण्या संघाचा होम रन ब्लीचर्समध्ये (आउटफिल्डमागच्या बाकांवर) पडला की लोक तो चेंडू मैदानात परत भिरकावतात. आपला होम रन असा परत आलेला बघण्यातही मजा आहे. बाल्टिमोरला कॅम्डन यार्ड्सच्या उजव्या बाजूला जुनं रेल्वे गोदाम तसंच ठेवलंय आणि राष्ट्रगीताच्या शेवटाकडे एका जागी सगळं मैदान 'ओ' म्हणून ओरडतं. पहिल्यांदा जाल तर दचकाल, म्हणून सांगून ठेवते.

आणि फार थांबू नका. 2024 च्या जून अखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला हजारो मराठी माणसं सॅन होजेला जमली होती. ओकलंडचं कोलिसियम हे बेसबॉलचं मैदान तिथून तासाभराच्या अंतरावर. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला तिथे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स (ए'ज) संघाचा शेवटचा सामना झाला, 46,889 लोक आले, आणि संघ गाव सोडून गेला. 1968 पासून त्या शहराने सांभाळलेला संघ. अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाटकं होती, गाणी होती, पण ज्या भूमीवर आपण जमलो होतो तिथे काय संपत चाललंय याची आपल्याला खबर नव्हती. हे मला लागलं. पुढच्या अधिवेशनाच्या संयोजकांनी त्या शहरात त्या आठवड्यात कोणता सामना आहे एवढं तरी पत्रिकेत छापावं.

काही क्लब भारतीयांसाठी खास संध्याकाळ ठेवतात, सामन्याआधी आपली मुलं मैदानावर लेझीम किंवा भांगडा करतात. ते चांगलंच आहे. पण मी असंही पाहिलंय की नाच झाला, फोटो झाले आणि तिसऱ्या इनिंगला आपली अख्खी रांग रिकामी. यजमानाने आपल्याला दारात ओवाळून घ्यावं आणि आपण न जेवता निघावं, तसं ते दिसतं. सातव्या इनिंगच्या मध्याला सगळं मैदान उभं राहून गातं, तोवर तरी थांबायला हवं. परगावी गेलं की लवकर पळता येत नाही, हाही एक फायदाच.

तेव्हा माझं मागणं थोडक्यात असं. मार्चच्या बैठकीत आपल्या शहराच्या संघाचं वेळापत्रक टेबलावर ठेवा आणि पाच-सहा तासांच्या अंतरातला परगावचा एक सामना निवडा. मोठ्या गटाला क्लब सवलत देतात, त्यांच्या तिकीट खात्याला फोन करा. ज्यांची मुलं कामात आहेत त्या आई-वडिलांसाठी शनिवारची वाट न बघता आठवड्यातल्या दुपारचा एक सामनाही धरा, निवृत्त सभासदांपैकी कोणी ना कोणी गाडी चालवायला तयार होईल. नोंदणी करताना टोपीचं माप विचारा, कारण आपल्या संघाची टोपी घातल्याशिवाय परगावी जाण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सी आणि आसपासच्या मंडळांपैकी कोणी पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया किंवा बाल्टिमोरची सहल काढली तर बसमध्ये स्कोअर लिहायला शिकवायचं काम मी घेते. बाबा मे महिन्यात परत येत आहेत. त्यांनी त्यासाठी आधीच वही आखून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद आणि मेट्सची चाहती
न्यू जर्सी